उसाच्या वाणाची रोगप्रतिकारशक्ती कशी तपासावी: लाल कूज आणि चाबूक काणी

एखाद्या वाणावर दोन-तीन हंगामांत रोग दिसला नाही, एवढ्यावरून तो वाण रोगप्रतिकारक आहे असे म्हणता येत नाही. त्या शेतात बुरशी पोचलीच नसेल, पोचली असेल तर हवा कोरडी असेल, किंवा बेणे निरोगी असल्यामुळे रोगाला शिरकाव करायला वाट मिळाली नसेल. असा वाण रोगातून सुटलेला असतो. रोगाला पुरून उरलेला नसतो. हा फरक मोठ्या क्षेत्रावर लागवड झाल्यानंतर लक्षात आला तर फार उशीर झालेला असतो, कारण उसाची लागवड बियाण्याने नव्हे तर कांड्यांनी होते, एकाच बेटावर (एका जागी फुटलेल्या उसांच्या झुबक्यावर) लावणीनंतर खोडवाही, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारे पुढचे पीकही, घेतला जातो, आणि बेण्याबरोबर रोगही एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. म्हणून चाचणीत प्रत्येक झाडाला रोग होण्याची सारखी आणि पुरेशी संधी मुद्दाम द्यावी लागते, आणि त्यानंतर कोणता वाण किती टिकतो हे मोजावे लागते. पुढे सांगितलेली सगळी काळजी ही संधी खरोखरच सारखी आणि पुरेशी असावी यासाठीच आहे.

येथे मुख्यतः लाल कूज आणि चाबूक काणी या दोन रोगांचा विचार केला आहे. दोन्ही रोग बुरशीमुळे होतात आणि दोन्ही बेण्यातून पसरतात, परंतु त्यांची चाचणी अगदी वेगळ्या टप्प्यावर होते. लाल कुजीची बुरशी, म्हणजे कोलेटोट्रायकम फाल्केटम, वाढलेल्या उसाच्या कांड्यात टोचली जाते. काणीची बुरशी, म्हणजे स्पोरिसोरियम सिटॅमिनियम, लावणीपूर्वी टिपरीच्या, म्हणजे लावणीसाठी कापलेल्या उसाच्या तुकड्याच्या, डोळ्यावर लावली जाते. तांबेरा हा पानांवर फोड आणणारा तिसरा रोग; त्याची चाचणी पानांवर होते आणि तिच्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

आधी तुल्य वाण

चाचणीची आखणी करताना सर्वांत आधी ठरवायचे ते तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी लावायचे, रोगाबाबतचा स्वभाव आधीच माहीत असलेले वाण; तपासायचे वाण नव्हेत. रोगाला हमखास बळी पडणारा किमान एक वाण आणि प्रतिकारक म्हणून खात्री झालेला किमान एक वाण प्रत्येक चाचणीत असलाच पाहिजे, आणि मधल्या प्रतीचे एक-दोन वाण घेता आले तर निकाल अधिक बारकाईने वाचता येतो. बळी पडणाऱ्या तुल्य वाणावर रोग भरपूर आला नाही, तर त्या चाचणीतील इतर कोणत्याही वाणाचा चांगला निकाल ग्राह्य धरू नये. हे वाचायला सोपे वाटते, पण वर्षभराची मेहनत झाल्यावर, आणि एखादा आवडता वाण स्वच्छ दिसत असताना, अख्खी चाचणी रद्द ठरवायला मन धजत नाही. त्यामुळे तुल्य वाणावर किमान किती रोग आला तर चाचणी वैध मानायची, हे लावणीपूर्वीच लिहून ठेवावे.

तुल्य वाण शेताच्या एका कडेला एकदाच लावून भागत नाही. प्रत्येक पुनरावृत्तीत, म्हणजे सगळे वाण पुन्हा एकदा लावलेल्या शेताच्या प्रत्येक भागात, तो असावा आणि त्याची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी, म्हणजे शेताचा एखादा भाग कोरडा किंवा पाणथळ असल्यास तेही त्याच्यावरून कळेल. किमान दोन, शक्य तर तीन पुनरावृत्ती घ्याव्यात. सऱ्यांवर वाणाचे नाव न लिहिता केवळ क्रमांक लिहावा, आणि ज्याला कांडी चिरून गुण द्यायचे आहेत त्याच्या हाती क्रमांकांची यादी देऊ नये. नाव माहीत असले की नजर नकळत कलते.

चाचणीची जागा इतर उसापासून दूर असावी, आणि तिचे पाणी वाहून दुसऱ्या उसात जाणार नाही अशा सखल बाजूला असावी; लाल कुजीचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बीजकण, पावसाच्या आणि पाटाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जातात. रोगकारक बुरशी हाताळण्यासाठी वनस्पती संरक्षण यंत्रणेची परवानगी जेथे लागते तेथे ती आधी घ्यावी. दुसऱ्या प्रदेशातून बुरशीचा प्रकार आणून आपल्या शेतात टोचू नये, मग तो कितीही प्रभावी असल्याचे ऐकिवात असो. ऑस्ट्रेलियातील उदाहरण या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगे आहे. क्वीन्सलँडमध्ये चाबूक काणी २००६ मध्ये आढळली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील संशोधक आपले वाण इंडोनेशियात, म्हणजे जेथे काणी आधीच होती तेथे, पाठवून तपासून घेत होते. रोग वाणाकडे आणण्याऐवजी वाण रोगाकडे नेण्याचा हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

लाल कूज: बुरशीचे द्रावण

रोगट ऊस उभा चिरला की आतला गर लाल दिसतो आणि त्या लालीत मध्येमध्ये आडवे पांढरे पट्टे असतात; आंबल्यासारखा, दारूसारखा वास येतो. बुरशी वेगळी करण्यासाठी लालीच्या मधला, पूर्ण कुजलेला भाग घेऊ नये, कारण त्यात दुसऱ्या अनेक बुरशी आणि जिवाणू शिरलेले असतात. लाल आणि निरोगी भाग जेथे मिळतात त्या कडेचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे घ्यावेत, सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवावेत, निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुवावेत आणि ओटमील आगर (बुरशी वाढवण्याचे ओटच्या पिठाचे घट्ट खाद्य) असलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवावेत. सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानात आठवडाभरात बुरशी वाढते आणि तिच्यावर फिकट नारिंगी-गुलाबी रंगाचे बीजाणूंचे चिकट पुंजके दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बीजाणू विळ्याच्या आकाराचे असतात. हा आकार दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ही बुरशी आगरावर पुन्हापुन्हा वाढवत राहिल्यास तिची रोग निर्माण करण्याची ताकद घटते. जुन्या नळीतली बुरशी काढून थेट चाचणीला वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे: ऊस आजारी पडत नाही आणि सगळेच वाण प्रतिकारक ठरतात. चाचणीपूर्वी ती बळी पडणाऱ्या वाणाच्या कांड्यात टोचून, रोग आल्यावर तेथून पुन्हा वेगळी करून घ्यावी. फिकट रंगाची आणि भरपूर बीजाणू देणारी वाढ साधारणतः अधिक आक्रमक असते, काळपट आणि कमी बीजाणू देणारी वाढ कमी आक्रमक. त्यामुळे पेट्री डिशमधील वाढीचा रंग नोंदवून ठेवण्याची सवय उपयोगी पडते.

द्रावणासाठी सुमारे सात दिवसांच्या वाढीवर निर्जंतुक पाणी ओतून बीजाणू हलकेच सोडवावेत आणि मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळावेत. द्रावणात प्रति मिलिलिटर १० लाख बीजाणू हवेत. ही मोजणी हिमोसायटोमीटरवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या चौकोन आखलेल्या काचेवर, करतात. त्यातील एक मिलिमीटर बाजूच्या मोठ्या चौकोनावर ०.१ मिलिमीटर खोलीचे द्रावण असते, म्हणजे एका मिलिलिटरचा दहा हजारावा भाग. याचा अर्थ त्या एका चौकोनात सरासरी १०० बीजाणू दिसले की द्रावण बरोबर झाले. समजा, सरासरी २४० आली. तर १०० मिलिलिटर द्रावणात १४० मिलिलिटर पाणी घालून ते २४० मिलिलिटर करावे. एकाच चौकोनावर विसंबून राहू नये, चार-पाच चौकोन मोजून सरासरी काढावी, आणि नमुना घेण्यापूर्वी बाटली हलवावी, कारण बीजाणू तळाशी बसतात. द्रावण त्याच दिवशी, शक्य तर काही तासांतच, सावलीत ठेवून वापरावे. दुपारी उन्हात ठेवलेले द्रावण संध्याकाळी दिसायला तसेच असते, पण त्यातले किती बीजाणू जिवंत उरले हे डोळ्यांना कळत नाही.

टोचण्याची पद्धत

ऊस सात ते आठ महिन्यांचा असावा आणि हवा उष्ण व दमट असावी. प्रत्येक वाणाचे सुमारे वीस ऊस निवडावेत. निवडताना कांडी कीड किंवा खोडकिडा लागलेले, तडकलेले आणि लोळलेले ऊस वगळावेत, कारण किडीच्या भोकाभोवतीही गर लाल होतो आणि नंतर तो रोगात मोजला जातो. जमिनीवरून दिसणाऱ्या कांड्यांपैकी खालून तिसरे कांडे घ्यावे. त्यावरचे पाचट काढून पृष्ठभाग अल्कोहोलने पुसावा, आणि कॉर्क बोअरने (भोक पाडण्याच्या धारदार नळीने) किंवा टोकदार सुंभ्याने कांड्याच्या मध्यभागी, गराच्या केंद्रापर्यंत जाईल असे आडवे भोक पाडावे. भोक आरपार जाऊ नये. पिचकारीने त्यात द्रावण सोडावे. भोकात मावेल तितके, साधारण अर्ध्या मिलिलिटरपर्यंत, पण सर्व उसांना सारखेच. लगेच वरून प्लॅस्टिसिनसारख्या मळलेल्या मातीने तोंड घट्ट बंद करावे, म्हणजे ओलावा टिकेल आणि बाहेरची घाण आत जाणार नाही. एका उसावरून दुसऱ्या उसावर जाताना बोअर अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरावा.

प्रत्येक वाणाच्या दोन-तीन उसांना द्रावणाऐवजी नुसते निर्जंतुक पाणी टोचावे. हे पाऊल वेळ वाचवण्यासाठी हमखास गाळले जाते, आणि ते गाळू नये असे मी आग्रहाने सांगेन. भोक पडल्याने जखमेभोवती गर आपोआप थोडा लाल होतो. काही वाणांत ही लाली बरीच असते. पाणी टोचलेला ऊस जवळ असल्याशिवाय जखमेची लाली कोणती आणि रोगाची कोणती, हे ठरवता येत नाही.

त्यानंतर साठ दिवस थांबायचे. या काळात शेताला पाण्याचा ताण पडू देऊ नये आणि पाणी साचूही देऊ नये. ताण पडलेला प्रतिकारक वाणही रोगाला झुकतो आणि मग निकालात वाणाचा स्वभाव कोणता व शेताची अवस्था कोणती हे वेगळे करता येत नाही. शेंडा सुकू लागलेले ऊस दर आठवड्याला नोंदवावेत, कारण अतिशय बळी पडणारा वाण साठ दिवसांच्या आतच वाळू शकतो.

कांडी चिरून गुण देणे

साठाव्या दिवसाच्या सुमारास टोचलेले ऊस बुडापासून काढून, टोचलेल्या भोकातून जाईल असा उभा छेद देऊन चिरावेत. गुण चिरल्याबरोबर द्यावेत, कारण हवा लागली की गर काळवंडतो आणि कडा धूसर होतात.

श्रीनिवासन आणि भट यांनी १९६१ मध्ये मांडलेली शून्य ते नऊ गुणांची पद्धत येथे वापरली जाते, आणि तिची खुबी अशी की ती रोगाच्या चार वेगवेगळ्या खुणा स्वतंत्रपणे पाहते. शेंडा हिरवा असेल तर शून्य, पिवळा किंवा वाळलेला असेल तर एक. टोचलेल्या कांड्याच्या वरच्या भागात लाली किती रुंद पसरली आहे याला एक ते तीन: अरुंद पट्टी असेल तर एक, जवळजवळ संपूर्ण रुंदी व्यापली असेल तर तीन. पांढरे पट्टे नसतील तर शून्य, मर्यादित असतील तर एक, वरच्या दिशेने पुढेपुढे गेलेले असतील तर दोन. शेवटी लालीने वरच्या किती गाठी ओलांडल्या हे पाहायचे: एकही नाही तर शून्य, एक ओलांडली तर एक, दोन ओलांडल्या तर दोन, तीन किंवा अधिक ओलांडल्या तर तीन. चारींची बेरीज जास्तीत जास्त नऊ होते. सर्व उसांची सरासरी दोनपर्यंत असेल तर वाण प्रतिकारक, २.१ ते ४ मध्यम प्रतिकारक, ४.१ ते ६ मध्यम बळी पडणारा, ६.१ ते ८ बळी पडणारा आणि त्यावर अतिशय बळी पडणारा मानतात.

एक ऊस डोळ्यांसमोर आणू. शेंडा हिरवा आहे. भोकापासून लाली वर चढली आहे, पण ती गराच्या मधल्या अर्ध्या रुंदीतच राहिली आहे आणि तिच्या कडेला गडद तपकिरी रेषा आहे. एकच छोटा पांढरा पट्टा आहे, तोही भोकाजवळ. लालीने पहिली गाठ पार केली आहे, पण वरच्या कांड्यात दोन बोटे चढून ती थांबली आहे. शेंड्याला शून्य, रुंदीला दोन, पांढऱ्या पट्ट्याला एक, गाठीला एक, असे एकूण चार गुण झाले. ती गडद कडेची रेषा गुणांत मोजली जात नाही, तरी शेऱ्याच्या रकान्यात ती जरूर लिहावी: तेथे झाडाने बुरशीला अडवले आहे. उलट कडा धूसर, ओलसर आणि लाली फिकट होत वर गेलेली असेल, तर बुरशी अजून पुढे सरकत होती असे समजावे.

केवळ सरासरीवर निकाल देऊ नये. वीस उसांपैकी सोळा उसांना दोन गुण आणि चार उसांना आठ गुण मिळाले, तर सरासरी ३.२ येते आणि कागदावर वाण मध्यम प्रतिकारक ठरतो. वास्तविक येथे दोन वेगळे गट दिसत आहेत. बेण्यात दुसऱ्या वाणाची भेसळ झाली असेल, चार उसांना आधीच रोग असेल, किंवा सोळांपैकी काहींच्या भोकात द्रावण नीट गेले नसेल. अशा वाणाचे गुण विखुरलेले आहेत असा स्पष्ट शेरा मारून त्याची चाचणी पुन्हा घ्यावी. गर मळकट जांभळट असून कांडी आतून पोकळ झाली असेल आणि पांढरे आडवे पट्टे नसतील, तर तो मर रोग असण्याची शक्यता असते. तो ऊस गुणांतून बाहेर काढावा आणि तसे लिहावे.

गाठीवरची चाचणी

भोक पाडून बुरशी थेट गरात सोडली की उसाची साल, तिच्यावरचा मेणाचा थर आणि गाठीची घट्ट बांधणी हे संरक्षण आपणच बाजूला सारतो. निसर्गात बुरशी बहुधा गाठीजवळून, म्हणजे गळालेल्या पानाच्या व्रणातून, मुळांच्या ठिपक्यांतून किंवा डोळ्यातून शिरते. म्हणून त्याच वाणाच्या आणखी काही उसांवर गाठीची चाचणी घ्यावी. पानाचा देठाकडचा वेढा काढून गाठ उघडी करावी, द्रावणात भिजवलेला कापूस तिच्याभोवती गुंडाळावा आणि तो सुकू नये म्हणून वरून चिकटपट्टी बांधावी. साठ दिवसांनी चिरून पाहताना प्रश्न एवढाच असतो की बुरशी आत शिरली की गाठीच्या वरवरच्या थरातच अडली.

एखादा वाण गाठीवर टिकतो पण भोकाच्या चाचणीत पडतो. असा वाण लगेच बाद करणे मला योग्य वाटत नाही, पण कांडी कीड जास्त असलेल्या भागात तो देऊ नये, कारण तेथे कीडच बुरशीसाठी भोक पाडून ठेवते. दोन्ही चाचण्यांत टिकणारा वाण अर्थातच श्रेष्ठ. उभे पीक नसताना किंवा हंगाम हुकल्यावर तोडलेले ऊस दमट, उष्ण आणि नियंत्रित खोलीत ठेवूनही चाचणी घेता येते. मोठ्या संख्येतून उघड बळी पडणारे वाण लवकर वगळण्यासाठी ती चांगली आहे, अंतिम शिफारशीसाठी मात्र शेतातलाच निकाल धरावा.

चाबूक काणी

काणीत शेंड्यातून काळा, लांब, वळलेला चाबूक बाहेर येतो. त्यावर आधी रुपेरी पातळ पापुद्रा असतो आणि तो फाटला की कोट्यवधी काळे बीजाणू वाऱ्यावर उडतात. चाचणीसाठी बीजाणू गोळा करायचे ते नुकत्याच बाहेर आलेल्या, पापुद्रा पुरता न फाटलेल्या चाबकांतून. वरून कागदी पिशवी चढवून चाबूक कापावा, सावलीत वाळवावा, बीजाणू बारीक चाळणीतून चाळून सिलिका जेलबरोबर कोरड्या डब्यात भरावेत आणि फ्रिजमध्ये ठेवावेत. ओलावा लागला की ते खराब होतात.

वापरण्यापूर्वी त्यांची उगवण तपासावीच. थोडे बीजाणू साध्या पाणी-आगरावर पसरून सुमारे २८ ते ३० अंशांत रात्रभर ठेवावेत आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत. शंभरातील नव्वदच्या आसपास उगवलेले दिसले तर ते वापरावेत, फारच कमी उगवले तर नवे गोळा करावेत.

बेणे आठ ते दहा महिन्यांच्या निरोगी उसाचे घ्यावे. त्यात आधीपासून काणी असेल तर चाचणी निरर्थक होते, त्यामुळे गरम पाण्याची प्रक्रिया केलेल्या बेणेमळ्यातून ते घेणे उत्तम. या टिपऱ्यांना कोणतेही बुरशीनाशक लावलेले नसावे. ही चूक सहज घडते, कारण इतर सर्व लावणीत बेणेप्रक्रिया करायचीच असते आणि कामगार सवयीने टिपऱ्या औषधात बुडवतात.

प्रति मिलिलिटर सुमारे ५० लाख बीजाणूंचे द्रावण करावे. काणीचे बीजाणू पाण्यावर तरंगतात, म्हणून ट्वीन या साबणासारख्या, बीजाणू भिजवणाऱ्या द्रवाचे एक-दोन थेंब घालावेत, आणि भिजल्यावर ते तळाशी बसतात, म्हणून टिपऱ्या बुडवलेल्या असताना द्रावण सतत ढवळत राहावे. एक किंवा दोन डोळ्यांच्या टिपऱ्या अर्धा तास बुडवाव्यात, नंतर रात्रभर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी लावाव्यात. प्रत्येक वाणाच्या काही टिपऱ्या नुसत्या पाण्यात बुडवून वेगळ्या लावाव्यात.

लावणीनंतर साधारण दोन महिन्यांपासून चाबूक दिसू लागतात. दर पंधरा दिवसांनी सऱ्यांतून फिरावे. चाबूक दिसला की त्या बेटाला खूण करावी, चाबकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो कापावा आणि शेताबाहेर नेऊन जाळावा. खूण केलेल्या बेटावर पुढच्या फेरीत दुसरा चाबूक आला तर त्याची तारीख लिहावी, पण रोगट बेट एकदाच मोजावे. गवतासारखे बारीक, दाट फुटवे हेही काणीचे लक्षण आहे. चाबकाची वाट पाहत अशी बेटे नजरेआड करू नयेत.

टक्केवारी लावलेल्या टिपऱ्यांवर नव्हे, उगवलेल्या बेटांवर काढायची. ७२ बेटे उगवली आणि त्यांपैकी ९ रोगट झाली, तर प्रमाण १२.५ टक्के. शून्य टक्के असेल तर वाण प्रतिकारक, १० टक्क्यांपर्यंत मध्यम प्रतिकारक, १० ते २० मध्यम बळी पडणारा, २० ते ३० बळी पडणारा आणि त्यापुढे अतिशय बळी पडणारा, अशी विभागणी भारतातील चाचण्यांत रूढ आहे. पाण्यात बुडवलेल्या टिपऱ्यांशी उगवणही ताडून पाहावी. बुरशी लावलेल्या टिपऱ्या फारच कमी उगवल्या असतील तर काही डोळे बुरशीने मारले असण्याची शक्यता आहे आणि ते नुकसान चाबकांच्या मोजणीत येत नाही.

लावणीच्या पिकावर थांबू नये. ऊस तोडून खोडवा ठेवावा आणि त्यावर पुन्हा मोजणी करावी, कारण लावणीत दडून राहिलेली काणी खोडव्यात उसळून येते. लावणीत शून्य आणि खोडव्यात पंधरा टक्के असा वाण प्रतिकारक म्हणून देणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक आहे.

काही वाणांचा बचाव केवळ डोळ्यावरच्या घट्ट खवल्यांमुळे होतो. बुरशी कोंभापर्यंत पोचतच नाही. काहींचा बचाव आतल्या पेशींत असतो. हे वेगळे करायचे असल्यास टिपऱ्यांच्या एका गटाचे डोळे बुडवण्यापूर्वी बारीक सुईने टोचावेत. टोचल्यावर रोग एकदम वाढला, तर वाणाचे संरक्षण खवल्यांत आहे असे समजावे. पैदासकारासाठी ही माहिती मोलाची असते.

तांबेरा

तांबेऱ्याची चाचणी तुलनेने सोपी आहे. बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मध्येमध्ये लावून त्यांच्यावर रोग वाढू द्यावा, किंवा बीजाणूंचे द्रावण पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) सोडावे, आणि पानांवरील फोडांचे प्रमाण पाहून गुण द्यावेत. तपकिरी तांबेरा कोवळ्या उसावर अधिक येतो आणि नारिंगी तांबेरा पुढच्या वयातही येतो, त्यामुळे एका वयाचा निकाल दुसऱ्या रोगाला लावू नये. तपकिरी तांबेऱ्यासाठी बीआरयू-१ या जनुकाची प्रयोगशाळेत तपासणी करता येते. ते जनुक असले तर प्रतिकाराची चांगली खूण आहे. नसले तर वाण बळी पडेलच असे नाही, कारण इतर जनुकांमुळेही प्रतिकार असू शकतो.

निकाल कसा लिहावा

'प्रतिकारक' हा शब्द एकटा लिहू नये. कोणत्या रोगाला, बुरशीच्या कोणत्या प्रकाराविरुद्ध, कोणत्या पद्धतीने, किती महिन्यांच्या उसावर, कोणत्या वर्षी आणि तुल्य वाणाला किती गुण पडले, हे सर्व त्याच ओळीत असावे. उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरलेला को ०२३८ हा वाण २००९ मध्ये प्रसारित झाला तेव्हा लाल कुजीच्या त्या वेळच्या प्रकारांविरुद्ध मध्यम प्रतिकारक होता. पुढे या बुरशीचा सीएफ १३ हा प्रकार पसरला आणि त्याच वाणावर लाल कुजीची मोठी साथ आली. आधीची चाचणी चुकीची नव्हती. ती ज्या बुरशीवर घेतली होती ती बुरशी शेतात बदलली होती. म्हणून प्रसारित वाणांचीही दर काही वर्षांनी, शेतातून नव्याने वेगळ्या केलेल्या बुरशीवर, पुन्हा चाचणी घ्यावी, आणि नवा वाण दोन हंगामांच्या निकालांशिवाय पुढे पाठवू नये.

चाचणी संपल्यावर टोचलेला एकही ऊस बेण्यासाठी, गुऱ्हाळासाठी किंवा चाऱ्यासाठी बाहेर जाऊ देऊ नये. बेटे मुळासकट उपटून, पाचटासह जागीच जाळावीत, कोयते आणि बोअर निर्जंतुक करावेत, आणि त्या जमिनीत पुढचा किमान एक हंगाम ऊस सोडून दुसरे पीक घ्यावे. या काळात जुन्या बुडख्यांतून फुटलेला प्रत्येक कोंभ दिसताक्षणी काढावा.